टिंब नसलेलं रेशीम

दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाईक चढलं की होआनच्या चेहऱ्यावर आपोआप हसू यायचं. जुनी सवय. पण त्या दिवशी जे जोडपं आत आलं, त्यानं मांडून ठेवलेल्या गळपट्ट्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाईनं हातातला मोबाइल पुढे केला आणि विचारलं, "मावशी, हे दुकान कुठे आहे हो? यात तळ्याजवळ दाखवतंय."

मोबाइलवर क्वेनचा हसरा चेहरा होता. क्वेन म्हणजे होआनची धाकटी जाऊ.

"अच्छा, ते होय," होआन म्हणाली. हसू तसंच होतं, फक्त आता ते ओठांवर टांगून ठेवल्यासारखं झालं होतं. "सरळ जा. देवळापाशी उजवीकडे वळा. मग शाळा लागेल, मग स्मशान. तिथे कुणालाही विचारा."

स्मशानात रस्ता सांगायला कोण बसलेलं असतं, हा विचार त्या शहरी माणसांना सुचला नाही. दुकान खरं तर डावीकडे होतं, तळ्याला वळसा घातला की लगेच. भर उन्हात त्या दोघांना गावाच्या भलत्या टोकाला धाडून होआन पंख्यासमोर बसली. बऱ्याच दिवसांत तिला इतकं गार वाटलं नव्हतं. पण हे सुख काही टिकलं नाही. थोड्या वेळानं जोडपं घामाघूम होऊन परत आलं, कुणालाही न विचारता मोबाइलमधल्या नकाशावर बोट ठेवून तिच्या दुकानावरून गेलं आणि बरोबर डावीकडे वळलं. परतताना दोघांच्या हातात क्वेनच्या दुकानाच्या पिशव्या होत्या. बाईनं जाता जाता होआनकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तरी चाललं असतं. तिनं पाहिलं ते, बिचारीला वयामुळे रस्ते आठवत नसतील, अशा नजरेनं. होआनच्या अंगाचा तिळपापड झाला.

आता यात उलटा न्याय असा, की गावातली मोक्याची जागा होआनची होती. ताम खे गावाच्या कमानीतून आत आलं की पहिलं दुकान तिचं. वर लाल पाटी, पाटीवर सोनेरी अक्षरांत 'लुआ बा थिन', म्हणजे थिनआजींचं रेशीम. थिनआजी ही दोघींची सासू. ढगाच्या नक्षीचं रेशीम विणावं तर थिनआजींनी, असं हानोईपर्यंत लोक म्हणायचे. ते कापड सावलीत धरलं तर साधं दिसतं, उजेडासमोर धरलं की त्यात ढग उठतात. सासू गेली आणि वाटण्या झाल्या. थोरला मुलगा खोआत, होआनचा नवरा. त्याच्याकडे रीतीप्रमाणे पूर्वजांचा देव्हारा आला, कमानीजवळचं घर आलं आणि आईचा माग आला. धाकट्याच्या वाट्याला तळ्यामागची शेड आली, जिथे पूर्वी सूत रंगवायचे. तिकडे जायला धड रस्ता नव्हता, नुसता चिखल आणि बदकं. धाकटा मालट्रक चालवायचा, सदा बाहेर. क्वेननं एकटीनं त्या शेडीत दुकान मांडलं तेव्हा होआननं गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "छान झालं. बदकांना रेशमाची फार हौस असते."

खरं सांगायचं तर होआनच्या मनातला काटा वाटणीच्याही आधीचा होता, दोघी सुना एकाच घरात नांदत होत्या तेव्हाचा. भर दुपारी आमच्याकडे अख्खं गाव आडवं होतं. दुकानदार, मास्तर, पोलीस, कुत्री, सगळी. त्या घरात मात्र जेवणं आटोपली की सासू थोरलीला हाक मारायची, "होआन, मागावर बस." आणि धाकटीला म्हणायची, "तू नीज जा, बाळ." होआन पेंगत पेंगत मागावर बसायची. सासू पान चघळत शेजारी बसून चुका काढायची. आणि पडद्यामागे धाकटी पंखा लावून निजलेली असायची. लाडाच्या सुनेनं झोपायचं आणि आपण बैलासारखं राबायचं, हेच आपलं नशीब, असं होआननं तेव्हा मनाशी ठरवून टाकलं. पुढे ती ढगाचं कापड सासूच्या तोडीनं विणू लागली, गावात दुसऱ्या कुणालाही ते येईना, पण तिच्या हिशेबी त्याला काही किंमत नव्हती. झोप गेली ती गेलीच. सासू जाऊन इतकी वर्षं झाली तरी दुपारी तिचा डोळा लागत नसे.

वेबसाइटचं खूळ गावात आणलं महिला संघानं. शहरातून एक तरुण मास्तरीण बोलावली आणि गावातल्या दुकानदार बायकांना सभागृहात बसवलं. पहिल्या दिवशी होआनही गेली, कारण क्वेन जाणार होती. मास्तरीण म्हणाली, "वेबसाइट असली की तुम्ही झोपलेल्या असतानाही तुमचं दुकान उघडं राहतं."

"आणि चोरी झाली तर?" होआननं विचारलं. सगळ्या हसल्या. मग तिला चेव चढला. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, पण रेशीम हाताला कळतं. हात न लावता रेशीम घेणारा आणि वास न घेता फणस घेणारा, दोघांचंही डोकं तपासायला हवं. फोटोला कुणी बोटं लावून बघतं का?"

पुन्हा हशा झाला. मागच्या बाकावरून क्वेन हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या दुकानात बोटं लावायला माणसं येतात. माझ्याकडे बदकं येतात. माणसांना आधी पत्ता तर कळू दे."

म्हणजे बदकांचं बोलणं तिच्या कानावर गेलं होतं तर. होआन दुसऱ्या दिवसापासून त्या वर्गाला फिरकली नाही. क्वेन शेवटपर्यंत गेली.

आणि मग माणसं येऊ लागली. आधी एखाददुसरं, चिखल चुकवत, मोबाइलमध्ये बघत. नंतर रोज. येणारा माणूस दुकानाची वेळ बघून यायचा, भाव बघून यायचा, कुठलं कापड हवं ते ठरवून यायचा, त्यामुळे क्वेनला घासाघीस करावी लागत नसे, की "नुसतं बघतोय" म्हणणाऱ्यांपुढे थानं उलगडावी लागत नसत. ज्यांना यायला जमत नसे ते घरबसल्या मागवायचे. सैगॉनच्या एका नवरीनं सगळ्या करवल्यांसाठी कापड मागवलं. कुठल्या कुठे, परदेशात राहणाऱ्या एका आजीनं, मेल्यावर अंगावर घालायला गावाकडचंच रेशीम हवं म्हणून निरोप पाठवला. होआनला या बातम्या मिळायच्या, कारण गल्लीतल्या बायका मुद्दाम येऊन सांगायच्या. वर म्हणायच्या, "तुम्हाला ठाऊकच असेल म्हणा, घरातलीच गोष्ट." होआन म्हणायची, "हो तर." आणि आत जाऊन उगाच भांडी आपटायची.

होआनकडे बस यायच्या. कमानीपाशी थांबायच्या, माणसं उतरायची, पहिल्या दुकानात शिरायची. तेवढ्यावर ती राणी होती. पुढे नवा मोठा रस्ता झाला आणि बस परस्पर तिकडून जाऊ लागल्या. मोक्याची जागा म्हणजे जिथून माणसं जातात ती जागा, आणि माणसंच जाईनाशी झाली तर मग कमान आणि पाटी दोन्ही नुसती शोभेची. ढगाचं कापड विणायला दिवसच्या दिवस लागतात, ते घेणारं कुणी येईना, म्हणून होआननं माग बंद केला आणि कारखान्यातले गळपट्टे आणून ठेवले. तेही खपेनात. आणि या सगळ्याचा राग तिला रस्ता बांधणाऱ्यांचा आला नाही. तो आला क्वेनचा.

अशात एक दिवस क्वेनच्या दुकानाची एक पिशवी वाऱ्यानं उडत तिच्या पायरीशी आली. पिशवीवर वेबसाइटचा पत्ता मोठ्या अक्षरांत छापला होता, लुआबाथिन. होआननं ती उचलली, वाचली आणि तिचे डोळे चमकले.

आमच्या भाषेत अक्षरांच्या वरखाली टिंबं, रेघा आणि शेपट्या असतात, आणि त्यांच्यावर सगळं अवलंबून असतं. 'लुआ'तल्या 'उ'खाली टिंब दिलं की अर्थ होतो रेशीम. त्याच 'उ'ला बाजूला शेपटी आणि डोक्यावर उतरती रेघ दिली की अर्थ होतो फसवणे. वेबसाइटच्या पत्त्यात यातलं काहीच मावत नाही, नुसती बोडकी अक्षरं राहतात. मग वाचणाऱ्याच्या मनात जे असेल ते त्यानं वाचायचं. होआनच्या मनात काय होतं ते सांगायला नको.

"बघितलंत का?" ती पिशवी नाचवत गल्लीभर फिरली. "आमच्या धाकटीनं स्वतःच छापून दिलंय. वाचा की. 'थिनआजींना फसवा.' सासूबाईंचं नाव विकून खातेय ते खातेय, वर कबुलीही देतेय."

गाव पोट धरधरून हसलं. बाजारात, न्हाव्याकडे, चहाच्या टपरीवर, जिथे तिथे 'फसवा' चालू झालं. क्वेन भाजी घ्यायला गेली तर भाजीवाली विचारायची, "काय गं, आज कुणाला फसवलंस?" होआनला त्या आठवड्यात जेवण गोड लागलं.

पण क्वेननं काय करावं? तिनं वेबसाइटच्या पहिल्याच पानावर लिहून टाकलं: 'पत्त्यात टिंब मावलं नाही, माफ करा. इथे लुआ म्हणजे रेशीमच. शंका असेल तर येऊन हात लावून बघा.' कुणीतरी ते वाचून हसलं, दुसऱ्याला पाठवलं, त्यानं तिसऱ्याला. हानोईतली तरुण पोरं 'फसवणाऱ्या आजीचं दुकान' बघायला सुट्टीच्या दिवशी गटागटानं येऊ लागली, आणि नुसती बघून जाईनात, घेऊनही जाऊ लागली. येताना ती होआनच्या दुकानात डोकवायची आणि विचारायची, "काकू, ते फसवणाऱ्या आजीचं दुकान कुठलं हो?" होआननं त्यांना स्मशानाकडे पाठवायचंही सोडून दिलं. पाठवून उपयोग नव्हता, सगळ्यांकडे नकाशा होता.

खोआत अंगणात बुद्धिबळ खेळत बसलेला असायचा. तो म्हणाला, "अगं, तिची जाहिरात तुझ्याइतकी कुणीच केली नाही." होआन त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

आता होआनचं एक गुपित सांगायला हवं. दुपारी गाव झोपलं, नवरा घोरायला लागला, की ती मोबाइल घेऊन बंद मागापाशी बसायची आणि क्वेनची वेबसाइट उघडायची. बाकीची पानं भराभर सरकवून ती एकाच पानावर थांबायची. तिथे ढगाच्या कापडाचा फोटो होता. खिडकीच्या उजेडासमोर धरून काढलेला, त्यामुळे ढग अगदी उठून आले होते. खाली लिहिलं होतं, 'सासूबाईंच्या घरचं. विक्रीसाठी नाही.'

सासूबाईंच्या घरचं होतं हे खरं, पण ते विणलं होतं होआननं. त्याच जागत्या दुपारींमध्ये. सासूनं ते मागावरून उतरवलं, घडी केली आणि धाकटी बाळंत झाली तेव्हा तिच्या अंगावर घातलं. होआनला विचारलंही नाही. आता तेच कापड जगभर मिरवत होतं आणि फोटोत हसत होती क्वेन. होआन दोन बोटांनी फोटो मोठा करायची आणि कोपऱ्यातल्या एका ढगापाशी यायची. त्या ढगाची शेपटी तुटकी होती. विणताना एकदा तिला डुलकी लागली आणि पाय चुकला, तेव्हाची. ती चूक कुणाला दिसते का, हे ती रोज तपासायची. रोज तिला ती स्वच्छ दिसायची, रोज तिचा जळफळाट व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा तिथेच.

पावसाळ्यानंतर एक उपाहारगृहवाला शहरातून आला. पांढरा शर्ट, गोड बोलणं. त्याला दारात मांडायला एक जुना माग हवा होता. "लोक शेजारी उभे राहून फोटो काढतील, मावशी. त्यावर फुलांच्या कुंड्या ठेवू." माग गेला की पुढची खोली मोकळी होणार होती, आणि ती भाड्यानं मागायला दूधचहाच्या दुकानाचा माणूस आधीच दोनदा येऊन गेला होता. खोआतला पटलं. होआनलाही नाही म्हणायला तोंड नव्हतं. बंद पडलेल्या मागावर ती हल्ली लसूण वाळत घालायची. तरी ती म्हणाली, "सासूबाईंचं वर्षश्राद्ध होऊ दे. त्यांच्या पानाआधी त्यांचा माग घराबाहेर जायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी या."

त्या दिवसापासून तिला माग झाकून ठेवावासा वाटू लागला. हे हात आपले आहेत, हे ज्यावरून कळतं ते एवढंच उरलं होतं, आणि त्यावर आता कुंड्या येणार होत्या.

श्राद्ध थोरल्याच्या घरी. धाकट्या सुनेनं सकाळीच येऊन स्वयंपाकाला हात लावायचा ही रीत, आणि क्वेननं ती कधी मोडली नव्हती. दोघींनी मिळून चिकट भात शिजवला, कोंबडी उकडली, बांबूच्या कोंबांचं सूप केलं, आणि चुलीपाशी मिठाखेरीज दुसऱ्या कशाबद्दलही बोलल्या नाहीत. जेवणं झाली. पुरुष चहा घेत बसले. दोघी मागच्या नळावर भांड्यांना बसल्या.

"ताई, एक काम होतं," क्वेन म्हणाली.

"वाटलंच मला. उगाच नाही एवढी घासतेयस."

"ढगाचं कापड विणून द्याल? माझ्या दुकानासाठी."

होआनच्या हातातली थाळी तशीच राहिली. "तुझ्या दुकानात कारखान्याचं खपतं की."

"खपतं. पण कुठल्या पानावर कुठून, केव्हा कुणी आलं, किती वेळ थांबलं, ते मला वेबसाइटवर दिसतं. सगळ्यात जास्त वेळ लोक ढगाच्या कापडावर थांबतात. रोज भर दुपारी कुणीतरी येतं आणि हलतच नाही तिथून."

होआनच्या कानशिलांना चटका बसला. ते कुणीतरी कोण, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आता फक्त "बरं" म्हणायचं होतं. माग राहिला असता, उद्याचा माणूस रिकाम्या हातानं परत गेला असता. पण तिच्या डोळ्यांपुढे दुसरंच आलं: आपण महिनोन्महिने विणलेलं कापड त्या शेडीत पडून राहिलंय, घ्यायला कुणी येत नाही, कारण बघणारी एकटी आपणच होतो. आणि सगळ्या गावाला कळलंय की थोरलीच्या कापडाला गिऱ्हाईक नाही. ते तिला सोसवलं नसतं.

"ते कुणीतरी मी आहे," ती थाळीकडे बघत म्हणाली. "गिऱ्हाईक बिऱ्हाईक काही नाही. मी बघते. जळते म्हणून बघते. झालं समाधान? जा, सांग गावाला. पिशवीवर छाप."

क्वेननं हातातलं पातेलं विसळलं आणि पालथं घातलं. "ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"तुम्ही आहात ते. दुपारी त्या वेळेला या गावात जागं कोण असतं? सासूबाईंनी ती सवय एकाच सुनेला लावली."

"मग मला खेळवायला आलीस होय?"

"नाही. त्यातल्या निम्म्या वेळा मीच असते."

होआननं मान वर केली. क्वेन नळाच्या धारेखाली एकच वाटी पुन्हा पुन्हा फिरवत होती. "मला म्हणायच्या, तू नीज जा, बाळ. एकदा विचारलं मी, मलाही शिकवा. म्हणाल्या, तुझे हात विक्रीचे, मागाचे नव्हेत. मग पडद्यामागे डोळे मिटून पडायचे. झोप कसली येतेय? माग ऐकत राहायचे. वाटायचं, आज तरी हाक मारतील. तुम्हाला मागावर शेजारी घेऊन बसायच्या, ओरडायच्या, तेही ऐकू यायचं. मला त्या कधी ओरडल्यासुद्धा नाहीत, ताई. ओरडण्यासारखं त्यांनी मला काही दिलंच नाही."

ज्या झोपेवर ती आयुष्यभर जळत आली, ती झोप मुळात कुणी घेतलीच नव्हती.

"तो तुटका ढग आहे ना," क्वेन म्हणाली, "त्या दिवशी माग मध्येच थांबला, मग एक ठोका चुकून पुढे गेला. कापड मला मिळालं तेव्हा मी आधी तोच शोधला. त्यात माझंही तेवढंच आहे. ऐकलेलं."

नळ वाहत होता. होआननं तो बंद केला. आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवत तिनं विचारलं, "मग घेणार कोण? तू आणि मी?"

"दा लात शहरातल्या एका नवरीची आई वर्षभर विचारतेय. हुए शहरातला एक शिंपी आहे, त्याला मोठ्या लोकांच्या झग्यांसाठी हवंय. आणखीही आहेत. सगळ्यांना मी लिहिते, विक्रीसाठी नाही. विणणारी बाई आहे, पण ती माझ्याशी बोलत नाही, असं कसं लिहू?"

होआन उठली, तिनं क्वेनच्याच खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि ती आत गेली. मागावरचा लसूण तिनं एका टोपलीत भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या शर्टवाला माणूस दोन हमाल घेऊन पायरी चढला. आत माग खडखडत होता. होआननं मान वळवली नाही. "मावशी, आपलं ठरलं होतं," तो म्हणाला.

"माग कामात आहे," ती म्हणाली. "फोटो काढायला हवा तर खुशाल काढा. आणि कापड हवं असेल तर डावीकडे वळा, तळ्याला वळसा घाला. माझ्या जावेचं दुकान आहे. विक्री तिकडे."

हमाल गेले. खोआतनं बुद्धिबळाचा पट उचलला आणि दुसऱ्याच्या अंगणात जाऊन बसला, कारण दूधचहावाल्याला नाही सांगायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं.

आमच्या गावाची एक जुनी रीत आहे: कापडाच्या काठात विणणाऱ्या घराचं नाव विणायचं. क्वेननं सांगितलं होतं की या वेळी काठात वेबसाइटचा पत्ताही येऊ दे, म्हणजे कापड कुठेही गेलं तरी बघणाऱ्याला दुकान सापडेल. मागाला नक्षी सांगतात त्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या; जिथे भोक, तिथे धागा उचलला जातो. होआननं काठासाठी नव्या पट्ट्या कापल्या, खिळा ठोकत भोकं पाडली, आणि थंडी पडायला लागली तेव्हा पहिलं थान घेऊन स्वतः तळ्याला वळसा घालून गेली. बदकं बाजूला झाली.

क्वेननं थान उजेडासमोर धरलं. ढग उठले. एकाचीही शेपटी तुटकी नव्हती. मग तिनं काठ डोळ्यांजवळ नेला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. पत्त्यातल्या 'लुआ'च्या 'उ'खाली एक बारीक टिंब होतं.

"ताई, हे टिंब कशाला? पत्त्यात टिंब चालत नाही. असं टाकलं तर उघडणार नाही."

"टाकणारा टिंब सोडून टाकेल. तेवढी अक्कल असते लोकांना."

"पण मुळात कशाला?"

होआन बाहेर तळ्याकडे बघत होती. "तोंडून एकदा निघून गेलं ते गेलं," ती म्हणाली. "कापडावर तरी, सासूबाईंना कुणी फसवलं, असं वाचता येता कामा नये."

क्वेननं त्या टिंबावरून बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं, आणि थानाची घडी घातली. होआन उंबऱ्याशी जाऊन थांबली.

"आणि त्या पानावर विणणारी म्हणून माझं नाव हवं. तुझ्या नावाच्या वर. मी उद्या दुपारी बघणार आहे."

"बघा की, ताई," क्वेन म्हणाली. "मी जागीच असते."